छातीवरचा हात

“तुझ्या मागे कोणीतरी उभं आहे,” बाबा म्हणाले. “वळू नकोस. घाबरेल बिचारा.”

दुपारच्या चहाची वेळ होती. थोरलीचा कप बशीपाशी येता येता थांबला. तिच्या मागे स्वयंपाकघराचं दार होतं, दारापलीकडे अरुंद, लांबट पॅसेज, आणि त्याच्या टोकाला एक बंद खिडकी. घरात दोघांशिवाय तिसरं माणूस नव्हतं.

दुसऱ्या एखाद्या घरात मुलीनं किंकाळी फोडली असती. या घराची रीत वेगळी होती. थोरलीनं कप खाली ठेवला आणि विचारलं, “डोक्यावर काय आहे?”

“अस्वली टोपी. उंच, केसाळ.”

“कॉलर?”

“हिरवी.”

“कोट?”

“पांढरा.” बाबा जरा पुढे झुकले. “बाहीवरची शिवण दिसतेय मला. किती महिने झाले, तुझं नाक काही दिसलेलं नाही मला, आणि याच्या बाहीची शिवण दिसतेय!”

मग मात्र तिनं मान वळवून पाहिलं. दार रिकामं होतं. पॅसेजमध्ये वाळत घातलेला एक टॉवेल होता, तोही निळा.

बाबांच्या डोळ्यांचा मधला भाग निकामी होत चालला होता. कडेकडेनं थोडंफार दिसायचं. ज्याच्याकडे पाहावं त्याच्या चेहऱ्याच्या जागी मात्र करडा डाग. ज्या माणसाची सारी हयात नजरेवर गेली, त्याच्यावर ही वेळ यावी! बाबा नेपोलियनच्या काळातले छोटे शिपाई ओळखायचे. अंगठ्याएवढे धातूचे शिपाई, कापसात गुंडाळून लोक लांबून लांबून घेऊन यायचे: हा कोणाचा, कुठल्या पलटणीचा, कोणत्या सालचा? बाबा भिंग लावायचे आणि वरून खाली यायचे. टोपी, कॉलर, छाती, बाहीची कड, कोटाची शेपटं, बटणं. हा क्रम कधी मोडायचा नाही. “मधूनच सुरुवात केली की माणूस स्वतःला हवं ते बघतो,” असं ते म्हणायचे. एकदा नुसत्या बटणांच्या पांढऱ्या-पिवळ्या रंगावरून त्यांनी एका पलटणीची जात सांगितली होती, तेव्हापासून मित्रमंडळींत त्यांचं नावच ‘बटण’ पडलं. थोरली मुळाक्षरं आणि हा क्रम बरोबरच शिकली. पुढे ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखायला लागली, तेव्हा बाबा म्हणाले होते, “धंदा तोच. फक्त तुझे शिपाई ओले.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “वेड नाही आणि भूतही नाही,” त्या म्हणाल्या. “डोळ्यांकडून चित्र येणं थांबलं की मेंदू आपल्या पदरची चित्रं लावतो. रिकामी भिंत त्याला सहन होत नाही. पुष्कळांना माणसं दिसतात, टोप्या घातलेली, नटलेली. ती काही करत नाहीत.”

“बोलतात का?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“मग आपल्यालाच बोलावं लागतं तर,” बाबा म्हणाले. डॉक्टरीणबाई हसल्या. थोरलीला हसू आलं नाही.

कारण तो एक राहिला नाही. त्याच्या मागे दुसरा आला, मग आणखी. पॅसेजच्या टोकापासून एकामागे एक. आणि ते नुसते उभे नव्हते. काल न्हाणीघराच्या दाराशी असलेला आज कपाटापाशी असायचा. बाबा खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसत, आणि थोरली कामावरून आली की पहिलं वाक्य ठरलेलं: “कपाट ओलांडलं.”

तीही वरून खाली विचारायची. करणार काय? नाही विचारलं तर बाबा एकटेच त्यांच्याकडे बघत बसणार.

“टोपीत पानांची डहाळी आहे?”

“मान पलीकडे वळवलीय.”

“छाती?”

“हात आडवा धरलाय. प्रत्येकानं. थंडीत पोटाशी धरतात ना, तसा.”

अडलं होतं ते इथेच. पांढरा कोट, हिरवी कॉलर, अस्वली टोपी, एवढ्यावर माणूस दोन सैन्यांतला असू शकतो. ऑस्ट्रियन, म्हणजे शत्रू. किंवा सॅक्सन, म्हणजे त्या वेळी फ्रेंचांच्या बाजूनं लढणारे, आपले. बाबा कायम फ्रेंचांच्या बाजूनं बोलत, म्हणून या घरात ‘आपले’ म्हणजे तेच. ऑस्ट्रियन टोपीत पानांची डहाळी खोचत, पण टोपीची ती बाजू पलीकडे होती. उरला फरक छातीवर. सॅक्सन कोटाला हिरवं लॅपल असायचं, छातीवर उलटून बटणांनी बसवलेली रुंद रंगीत पट्टी. ऑस्ट्रियन कोटाची छाती नुसती पांढरी. आणि हा फरक काही पुस्तकी नव्हता. एका मोठ्या लढाईच्या संध्याकाळी, धुरात, पांढरे कोट दिसले म्हणून सॅक्सन शिपायांवर त्यांच्याच बाजूच्या लोकांनी गोळ्या झाडल्या होत्या. ही गोष्ट बाबांनी तिला लहानपणी एकदाच सांगितली. त्यांना गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायची सवय असूनही, ही एकदाच.

“पोरी,” एका संध्याकाळी बाबा म्हणाले, “ते दाराशी येतील. दोन-चार दिवसांत. तेव्हा मी काय म्हणायचं ते मला माहीत पाहिजे.”

“काय म्हणायचं म्हणजे?”

“‘या’ म्हणायचं, की ‘थांबा’. दोन्ही एकदम म्हणता येत नाही.”

“बाबा, ते नाहीयेत तिथे.”

“ते मलाही ठाऊक आहे. डॉक्टरीणबाईंच्या आधीपासून ठाऊक आहे,” बाबा जरा चिडून म्हणाले. मग आवाज खाली आला. “तू न बघता कधी काही बोलत नाहीस. म्हणून तुला विचारतोय. माझ्या कपाटात त्यांची पलटण आहे, मागच्या खणात. ती बघ नीट, आणि मला सांग, कोणाचे.”

“तुम्हीच रंगवलीय ना ती?”

“म्हणून तर माझा भरवसा नाही,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शिंपीकाका आले. ते बाबांचे तरुणपणापासूनचे मित्र. आठवड्यातून एकदा पटावर लढाई खेळायला यायचे. आता पट मांडला तरी बाबांना दिसत नसे, म्हणून काका दोन्हींकडच्या चाली करत आणि वर दोघांच्या वतीनं भांडतही.

“काय बटण, आली का मंडळी?” काकांनी पॅसेजमधूनच विचारलं.

“आली. तुझ्या डाव्या हाताला एक आहे.”

“असू दे. कोट कसा बसलाय त्याला?”

“खांद्यात सैल.”

“सरकारी माप!” काका म्हणाले. “भूत झालं तरी खांद्यात सैल ते सैलच.”

बाबा खो खो हसले. कितीतरी दिवसांनी हसले. पण काका निघाले तेव्हा थोरली त्यांच्या मागोमाग जिन्यात गेली. काकांचा चेहरा एका मजल्यातच उतरला होता.

“त्या टेकडीचं तुला कधी बोललाय तो?” त्यांनी विचारलं.

“नाही. आई म्हणायची, यांच्यापुढे बर्फाचा विषय काढू नका. एवढंच.”

काका कठड्याला टेकले. “सक्तीच्या लष्करी नोकरीत होतो आम्ही दोघंही, विशीतले. तो टेकडीवर पहाऱ्याला, दुर्बीण घेऊन. मी खाली तळावर मशीन चालवायचो. बर्फात दिसू नये म्हणून कपड्यांवरून घालायचे पांढरे अंगरखे, ते मी शिवले. समोरच्या सैन्यात त्यांच्या शिंप्यानं त्यांचे शिवले. पांढरं ते पांढरं, फरक काय असणार? म्हणून हुकूम निघाला, आपल्या माणसांच्या छातीवर हिरवी फीत लावा. लावली. सरळ टाके, आडवी फीत, या इथे.” काकांनी स्वतःच्या छातीवर बोट फिरवलं. “थंडीनं कुडकुडणारा माणूस हात कुठे धरतो, सांग बरं?”

थोरलीचा हात नकळत तिच्या छातीवर आडवा गेला.

“मापं घेताना हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. माझी मशीन उबदार खोलीत होती ना! आपली एक टोळी आदल्या दिवशी बाहेर गेली होती, परतली नव्हती. दुसऱ्या दिवशी बर्फातून माणसांची रांग वर येताना दिसली. साहेबानं विचारलं, कोण? याच्याकडे दुर्बीण. हा म्हणाला, त्यांचे. मग तोफा. संध्याकाळपर्यंत इतकं बर्फ पडलं की सगळं झाकून गेलं, आणि रात्रीतच चौकी सोडायचा हुकूम आला. नंतर तिकडे कोणी गेलं नाही. ती टोळीही परत आली नाही. पण त्या भागात काय, कुठेही हरवली असेल. कोणाला ठाऊक?”

“त्यांना कळलंच नाही?”

“नाही. काळ्या दगडावरची रेघ असती तर निदान डोकं तरी आपटता आलं असतं,” काका म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मागच्या खणातली पेटी थोरलीनं त्याच दुपारी खिडकीत घेतली. पेटी उघडताच तिला पहिल्यांदा जाणवलं ते त्या शिपायांचं जाड होणं. बाबांचे बाकीचे शिपाई रेखीव होते, पापणी आहे की नाही ते ओळखू येईल असे. हे मात्र बर्फ साचलेल्या खांबांसारखे गोल झाले होते. नाकं बुजली होती. बोटं एकमेकांत मिसळली होती. छाती पांढरी, लॅपल नाही: ऑस्ट्रियन. शत्रू. वरून खाली जाऊन तिनं तसं मनात नोंदवलंही. आणि मग एकाच्या छातीवरचा टवका उडालेला तिला दिसला. पांढऱ्याच्या खाली हिरवं होतं.

तिनं ब्लेडच्या टोकानं तिथला राईएवढा कण उचलला. ज्या कामात शंका घ्यायची त्यात दुसरा नमुनाही घ्यावा, या सवयीनं एक कण बाहीवरूनही घेतला.

प्रयोगशाळेत तिनं दोन्ही कण राळेत बसवले, आडवे घासले, चकचकीत केले. शेजारच्या टेबलावरची सहकारी वाकून म्हणाली, “हा कोणाचा अवयव?”

“एका शिपायाचा.”

“वाचेल का?”

“बघते,” थोरली म्हणाली.

भिंगाखाली छातीचा कण एखाद्या खोडासारखा उघडला. पांढरा, हिरवा, पांढरा, हिरवा. खाली, आणखी खाली. तिनं मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. बाबांनी तीच पलटण आपली करायची, मग शत्रूची करायची, मग पुन्हा आपली, असं आयुष्यभर चालवलं होतं. आई असताना, धाकटीचं लग्न झालं तेव्हा, थोरलीच्या परीक्षांच्या दिवसांत. ती पलीकडच्या खोलीत अभ्यास करायची आणि भिंतीपलीकडे ब्रश पाण्यात खळबळल्याचा आवाज यायचा. त्या आवाजावर तिला किती शांत झोप लागायची!

मग तिनं अतिनील किरणांचा दिवा लावला. रंग काळवंडले आणि थरांच्या मधून हिरवट उजेडाच्या बारीक रेघा पेटल्या. वॉर्निश. जुनं, झाडाच्या डिंकाचं वॉर्निश या दिव्यात असं चमकतं. रेघा प्रत्येक हिरव्या थरावर होत्या. पांढऱ्यावर एकाही ठिकाणी नव्हती.

ती बराच वेळ डोळा लावून बसली. मग दुसरा कण, बाहीचा, सरकवला. बाही दोन्ही सैन्यांची पांढरीच, म्हणून तो कण वरपासून खालपर्यंत पांढरा होता. आणि त्यात वॉर्निशच्या रेघा होत्या, एका थराआड एक: दरवेळी अख्खा शिपाई नव्यानं रंगवलेला.

सहकारिणीनं विचारलं, “काय झालं गं?”

“काही नाही,” ती म्हणाली. पण घरी जाताना तिनं नेहमीचा रस्ता सोडून लांबचा घेतला. हातात आलेला पुरावा कोणाला देऊ नये असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. खोटं बोलायचं म्हटलं तर एक शब्द पुरला असता: ‘त्यांचे.’ बाबांनी तो मानला असता, कारण ती न बघता बोलत नाही. त्याच कारणानं तो शब्द तिच्या जिभेवर येईना.

दार उघडलं तर बाबा खुर्चीत ताठ बसलेले. चहा निवून त्याच्यावर साय आली होती.

“दाराशी आलेत,” ते पुटपुटले. “उंबऱ्यापाशी. लवकर सांग.”

थोरली त्यांच्या शेजारच्या बाकावर बसली. “सांगते. आधी एक विचारू? शिपाई रंगवताना वॉर्निश कधी लावतात?”

“हा काय प्रश्न झाला? शेवटी. काम संपलं की.”

“या पलटणीच्या छातीवर पांढऱ्या-हिरव्याचे थरावर थर आहेत, बाबा.”

बाबांनी मान हलवली नाही. “असतील.”

“हिरव्यावर दरवेळी वॉर्निश आहे. पांढऱ्यावर एकदाही नाही.”

“पांढऱ्यावर वॉर्निश पिवळं पडतं,” बाबा पटकन म्हणाले. इतकं पटकन, की ते उत्तर कितीतरी वर्षं तयार असावं. “म्हणून नाही लावलं. कोणीही नाही लावत.”

“बाहीही पांढरीच आहे,” थोरली म्हणाली. “तिथे आहे.”

खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. बाबांचे ओठ हलले. ते खेळात हरायचे तेव्हा असेच पटाकडे बघत राहायचे, शेवटची चाल पुन्हा पुन्हा करून बघत.

“म्हणजे,” ते अखेर म्हणाले, “तू मला नाही विचारलंस. माझ्या हाताला विचारलंस.”

“हो.”

“आणि हात काय म्हणाला?”

“आपले करून झाले की काम संपायचं. शत्रूचे केलेत, की ते अर्धंच राहायचं. एकदाही पुरं झालं नाही.” वाक्य तिनं नीट पूर्ण केलं. “टेकडीवरच्या माणसांचं मला सांगता येणार नाही, बाबा. तो पुरावा माझ्याकडे नाही. तुम्ही काय मानत आलात, तेवढंच मला दिसलं.”

‘टेकडी’ हा शब्द या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला होता. बाबांनी तो कोणाकडून कळला असं विचारलं नाही.

“दुर्बिणीत असाच हात होता,” ते म्हणाले. “छातीवर. मी वाट बघितली. म्हटलं, कोणीतरी घसरेल, तोल सावरायला हात काढेल. साहेब मागून ओरडत होता. कोणी घसरलं नाही.” ते दाराकडे बघू लागले. डोळे थेट दारावर ठेवले, करडा डाग असतो तिथेच. “पहिला जो आहे ना, तो हात खाली घेतोय.”

थोरली पुढे झुकली. “आणि?”

“हिरवं,” बाबा म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र स्वच्छ होता, कोणाला तरी कामाचं सांगावं तसा. “हिरवं आहे. अगदी तू म्हणालीस तसं.”

तू म्हणालीस तसं. ज्या नमुन्याला हात लावायचा नसतो, त्यालाच तिनं हात लावला होता. अजून अर्ध्या तासानं सांगितलं असतं तर? काहीच सांगितलं नसतं तर तो हात खाली आला असता का, आणि आला असता तर खाली काय निघालं असतं? मेंदू आपल्या पदरचं लावतो. आता त्यात तिच्या पदरचंही मिसळलं होतं. बाबांना जे उत्तर मिळालं ते टेकडीवरून आलं की या बाकावरून, हे आता कोणत्याही भिंगाखाली वेगळं करता येणार नव्हतं. बाबांचं न कळणं संपलं होतं. ते तिच्याकडे आलं होतं.

तिनं तोंड उघडलं. ‘बाबा, मी आधी सांगायला नको होतं.’ शब्द तयार होते. पण बाबा खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठत होते. ते उभे राहिले, शर्ट ओढून सरळ केला, आणि दाराकडे तोंड करून, तिनं कधी न ऐकलेल्या कोवळ्या, विशीतल्या आवाजात म्हणाले, “या. आत या रे. दमला असाल.”

मग त्यांनी खुर्ची बाजूला घेतली, दारातून येणाऱ्याला वाट मिळावी इतकी. आणि वाट बघत राहिले, एकेकाला मान लववून, कोणाच्या खांद्याकडे हात नेऊन, कोणाकडे बघून नुसतेच गप्प राहून. मधेच म्हणाले, “हा तर पोरच आहे.”

स्वयंपाकघर लहान होतं. खिडकी बंद होती, तरी थोरलीच्या पावलांना गारठा लागला. तिनं ती फरशीवर टेकवून ठेवली, हलवली नाहीत. डॉक्टरीणबाईंची सगळी वाक्यं तिला पाठ होती आणि ती सगळी खरी होती.

“पोरी,” बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, “जरा सरकून बस. त्यांना टेकू दे.”

ती सरकली. मग बाकाकडे एकदा बघून, आणखी थोडी सरकली.